संगणकातल्या गाईने शिकविली गाभण तपासणी



गाय फळविली, की घरातल्या लहानथोरांच्या मनात एकच प्रश्न असतो : गाय राहिली की उलटणार? एकवीस दिवसांनी पुन्हा माज दिसला, तर उत्तर मिळालेच. परंतु काही गाईंचा, आणि म्हशींचा तर विशेषच, माज मुका असतो. तो कोणाच्या नजरेस पडत नाही. मालक जनावर गाभण आहे असे धरून चालतो आणि पाच-सहा महिन्यांनी खरा प्रकार उमगतो. तोवरची वैरण व पेंड वाया जाते, आणि पुढचे वेतही लांबते. म्हणूनच फळविल्यापासून दोन-तीन महिन्यांनी जनावर तपासून घ्या, असे आम्ही विस्तार खात्याची माणसे वारंवार सांगत असतो.

ही तपासणी तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. डॉक्टर खांद्यापर्यंत मोजा चढवितात, शेणाच्या वाटेने हात आत घालतात आणि आतड्याच्या पडद्याआडून गर्भपिशवी चाचपतात. पिशवीची दोन्ही शिंगे सारखी आहेत की एक फुगले आहे, हे त्यांना बोटांनीच ओळखावे लागते. डोळ्यांना तिथे काही काम नाही.

शिकविणाऱ्याची अडचण

आता विचार करा, ही विद्या नवख्याला शिकवावी कशी? औत धरायला शिकविताना बाप मुलाच्या हातावर हात ठेवतो. इथे ते शक्य नाही. विद्यार्थ्याचा हात गाईच्या पोटात असतो. त्याच्या बोटाखाली पिशवी आहे, मूत्राशय आहे की नुसते शेण, हे बाहेर उभ्या असलेल्या गुरूला दिसत नाही. विद्यार्थ्यालाही आपण नेमके काय धरले आहे ते सांगता येत नाही. शिवाय मुक्या जनावराला किती वेळ त्रास द्यायचा? आडदांड हाताने आतड्याला इजा होते, कधी गर्भालाही धोका पोचतो.

ही अडचण साऱ्या जगातल्या पशुवैद्यक महाविद्यालयांची आहे. तिच्यावर एक उपाय शोधला ब्रिटनमधील सारा बेली या बाईंनी. त्या मूळच्या पशुवैद्य. काही वर्षे जनावरांवर उपचार केल्यानंतर त्या स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात संगणकशास्त्राकडे वळल्या आणि तिथे त्यांनी संगणकातली गाय तयार केली. तिचे नाव ‘हॅप्टिक काऊ’. हॅप्टिक म्हणजे स्पर्शासंबंधीचे. नुसत्या स्पर्शाने कळणारी ही गाय आहे.

बोटाला भासणारी गाय

बाहेरून पाहिले तर गाईच्या मागच्या अर्ध्या भागाचा एक पोकळ सांगाडा. आत एक लहानसा यांत्रिक हात बसविलेला. विद्यार्थी आपला हात आत घालतो आणि बोट त्या यांत्रिक हाताच्या टोकाच्या टोपणात अडकवितो, शिवणकामातली अंगुस्तानी घालावी तसे. आत ना पिशवी असते, ना हाड. या साऱ्या अवयवांचे आकार व त्यांचा मऊ-कठीणपणा संगणकात भरलेला असतो. बोट जिथे पिशवी असायला हवी तिथे पोचले, की यंत्राच्या मोटारी बोटाला उलट रेटा देतात. पिशवीला मऊ रेटा, हाडाला टणक. त्यामुळे बोटाला वाटते, आपण खरोखरच काहीतरी चाचपीत आहोत.

सिनेमात डोळ्यांपुढून सेकंदाला चोवीस चित्रे गेली, की हलते दृश्य दिसते. बोट मात्र इतक्यावर फसत नाही. त्यासाठी संगणकाला सेकंदाला सुमारे हजार वेळा रेटा मोजून बदलावा लागतो. तसे झाले नाही, तर टणक हाडही थरथरल्यासारखे लागते.

मुख्य सोय पुढेच आहे. बोट कुठे फिरते आहे, ते शेजारच्या पडद्यावर गुरूला दिसते. “थोडे डावीकडे ये, आता खाली दाब,” असे त्यांना त्याच क्षणी सांगता येते. महिना बदलून दोन महिन्यांचा, चार महिन्यांचा गर्भही समोर ठेवता येतो.

या यंत्राचा गुण पारखूनही पाहिला गेला. विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या शिक्षणाबरोबर या यंत्रावर शिकविले, दुसऱ्याला नाही. मग दोन्ही गटांना खऱ्या गाई तपासायला लावल्या. यंत्रावर शिकलेल्यांना गर्भपिशवी कितीतरी अधिक वेळा सापडली. ही माहिती २००५ साली प्रसिद्ध झाली. पुढे बेलीबाईंनी लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमध्येही हेच काम चालविले.

दूरचा हात

यंत्राच्या हाताने स्पर्श जाणण्याची कल्पना अणुसंशोधनातून आली. अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९५० च्या सुमारास असे यांत्रिक हात बनविले, की जाड भिंतीआड सुरक्षित उभे राहून माणसाला किरणोत्सारी पदार्थ हाताळता यावेत. पलीकडच्या हाताला झालेला अडथळा अलीकडच्या माणसाच्या हाताला जाणवे.

पुढे माणूस आणि यंत्र यांतले अंतर वाढतच गेले. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. जाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे असलेल्या बाईंचे पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढले. मधले अंतर सहा हजार किलोमीटरांहून अधिक. परंतु त्या यंत्रात डॉक्टरांना फक्त दिसत होते, स्पर्श कळत नव्हता. दृष्टी दूर नेणे सोपे, स्पर्श नेणे अवघड, ते यावरून ध्यानात येईल.

आपण काय घ्यावे?

ही गाय आपल्या गोठ्यात येणार नाही, यायची गरजही नाही. तिने एक गोष्ट मात्र दाखवून दिली : गाभण तपासणी हा अंदाजाचा खेळ नसून कमावलेल्या बोटांची विद्या आहे. ती शिकायला गुरू लागतो आणि सराव लागतो. सोनोग्राफीने महिन्याभरात निदान होते हे खरे, पण तिथेही यंत्राची दांडी आत धरून फिरविणारा हात जाणताच हवा.

तेव्हा कोणाही ऐऱ्यागैऱ्याला गाईच्या पोटात हात घालू देऊ नका. फळविल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हे काम घरातल्या मुलीने किंवा सुनेने अंगावर घेतले तर चुकत नाही. तपासणीच्या दिवशी जनावर खोड्यात नीट बांधा आणि ती तारीख डॉक्टरांना सांगा. गाय रिकामी निघाली तर खचू नका. दोन महिन्यांत कळले, तर उपचाराला वेळ हाती असतो.