साउथ पार्क स्ट्रीटची भुतं

मल्लिकबाजारच्या चौकात मिनीबसचा कंडक्टर पत्र्यावर थापा मारत हावडा, हावडा ओरडतोय. फाटकापाशी रखवालदार माझं नाव वहीत लिहून घेतो, काठीनं वाट दाखवतो आणि बजावतो, "पांच बजे बंद. उसके बाद मैं भी अंदर नहीं जाता." हे तो दिवसातून किती जणांना ऐकवत असेल कोण जाणे, आवाज मात्र मुरलेल्या नटाचा आहे.

कोलकात्याची ही साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी 1767 साली सुरू झाली. आज जिला पार्क स्ट्रीट म्हणतात, त्या रस्त्याचं तेव्हाचं नावच मुळी दफनभूमीचा रस्ता. आत थडगी आडवी पसरलेली नाहीत, ती मान वर करून उभी आहेत. सुळके, पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप. शेजाऱ्यानं एक मजला चढवला म्हणून आपण दोन चढवावेत, अशी ही पैसेवाल्यांची गल्ली. दगडाचा आव आणला असला, तरी बहुतेक सगळं काम विटेचं आणि चुन्याच्या गिलाव्याचं आहे. दोन-अडीचशे पावसाळ्यांनी ते काळं केलंय, आणि भेगांतून पिंपळाची रोपं वर निघालीत.

कॉलेजातली पाच-सहा मुलंमुली माझ्या पुढे चालताहेत. त्यांना 'रक्त गळणारं थडगं' बघायचंय. डेनिसन नावाच्या कुटुंबाच्या थडग्यातून रक्त पाझरतं, अशी इथली सगळ्यात लाडकी अफवा. फोटो काढणाऱ्याला दम लागला, कुणाला पांढरी आकृती दिसली, असल्या गोष्टी तर पायलीला पन्नास. मी जवळच्याच एका चौथऱ्याच्या भिंतीवरून हात फिरवते. गिलावा सुटलेला, आतली वीट ओलीचिंब. बोटांना विटकरी लगदा लागतो आणि हातरुमालाला पुसला तरी पुरता जात नाही. संध्याकाळच्या उजेडात, आधीच घाबरलेल्या डोळ्यांना एवढं पुरेसं आहे.

भुतांपेक्षा पाट्या वाचायला जास्त वेळ लागतो. वीस वर्षांची बायको. तिच्याच पाटीवर खाली काही महिन्यांचं मूल. पंचविशीतला ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून. या शहरात साहेबाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं त्या काळी म्हणत. ताप, हगवण, कॉलरा. औषध म्हणून जळवा आणि शिरा कापून रक्त काढणं. पाऊस सरला की जगलेवाचलेले एकत्र जमून मेजवान्या झोडत आणि एकमेकांचं अभिनंदन करत, असं सांगतात.

पिळाच्या सुळक्याखाली रोझ एल्मर आहे. 1800 साली गेली, विशीत. लँडोर या कवीनं तिच्यावर कविता लिहिली, म्हणून तिचं नाव राहिलं. अननस अति खाल्ल्यानं गेली, ही दंतकथाही त्यासोबत राहिली. सगळ्यात उंच सुळका सर विल्यम जोन्सचा. 1784 साली एशियाटिक सोसायटी काढणारा, 'शाकुंतल' इंग्रजीत नेणारा हा न्यायाधीश सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. आपला मृत्युलेख त्यानं स्वतःच लिहून ठेवला होता: देवाला भ्यालो, मरणाला नाही, अशा अर्थाचा. मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचं थडगं तर चक्क देवळासारखं. रोज गंगेवर स्नानाला जाणारा हा गोरा माणूस 'हिंदू स्टुअर्ट' म्हणूनच ओळखला जाई. हिंदू कॉलेजात मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारा डेरोझिओही इथेच. 1831 साली कॉलऱ्यानं गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता, म्हणजे पुढे चाललेल्या या मुलांपेक्षा फार मोठा नव्हे.

मुलं मात्र सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराबद्दल बोलताहेत. 'गोरोस्थाने साबधान' या कादंबरीनं आणि 2010 च्या सिनेमानं बंगाली पोरांना ही जागा घरबसल्या दाखवली. एक मुलगा थडग्याआड लपून मैत्रिणीला भॉक् करतो. ती किंचाळते, मग सगळे हसतात, मग तेच पुन्हा मोबाइलवर टिपायला म्हणून ती नव्यानं किंचाळते. ज्या जागेच्या नुसत्या नावानं कधीकाळी नव्या साहेबाची गाळण उडत असेल, तिथे आता घाबरायची हौस भागवायला माणसं येतात. भीती जुनी झाली की तिची करमणूक होते.

"आंटी, आप कहाँ से?" किंचाळणारीच विचारते.

"नागपूर."

ती क्षणभर थांबते आणि टाळी वाजवते. "बोर्गी!"

आता हसायची पाळी माझी. 1741 पासून दहा वर्षं नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या घोडेस्वारांनी, म्हणजेच या बोर्गींनी, बंगाल लुटला, गावं जाळली. त्या धास्तीनं 1742 साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, तोच मराठा खंदक. तो पुरा झालाच नाही. पुढे तो बुजवला आणि त्याच्या कडेकडेनं सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागातून मी मघाशी इथे आले. मला शाळेत अटकेपार झेंडे शिकवले, हे पान कुणी फारसं उघडलं नाही. इथे मात्र ते पाळण्यापाशी रोज उघडतं.

"ठाकुमा वो गाना गाके सुलाती थी," ती सांगते. "बोर्गी आएगा, सो जा."

"मग झोपायचीस?"

"एकदम!"

मी म्हणते, डेनिसनच्या थडग्यानं कुणाचं वाकडं केल्याचं ऐकिवात नाही, आमच्या लोकांनी मात्र खरंच केलंय. तेव्हा भ्यायचंच असेल तर मला भ्या. हे माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना कितपत पोचतं कळत नाही, पण मोबाइल लगेच माझ्याकडे वळतो. भूत काही मिळालं नाही, तर निदान बोर्गीसोबत सेल्फी तरी हवा. मला मधोमध उभं करतात, चष्मा काढायला लावतात. रागीट चेहरा करा, असा हुकूम सुटतो. मी डोळे वटारते, आणि तेवढ्यात फाटकाकडून रखवालदाराची शिट्टी वाजते. पाच वाजायला आले, चला.