सिनेकॅमेऱ्याची ओळख (लेखांक ७) : आवाजाच्या जोडण्या आणि कॅमेऱ्याचे मोल

व्यावसायिक डिजिटल सिनेकॅमेऱ्यात आवाज घेण्याची सर्वांत भरवशाची जोडणी म्हणजे तीन पिनांची एक्सएलआर. तिची पहिली पिन अर्थिंगची असते. दुसरीवरून आवाजाचा विद्युत संदेश जातो आणि तिसरीवरून त्याच संदेशाचे उलटे रूप. दिव्यांच्या वायरींमुळे वाटेत शिरणारी गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच चढते. कॅमेऱ्यात या दोन तारांमधला फरक तेवढा घेतला जातो. त्यामुळे गुणगुण वजा होते आणि मूळ आवाज उरतो. लांब केबल टाकूनही आवाज स्वच्छ येतो तो याच रचनेमुळे. शिवाय या जोडणीला खटका असल्याने केबल ओढली गेली तरी ती सुटत नाही. मिनी एक्सएलआरचे तत्त्व हेच, फक्त आकार लहान. 3.5 मिमीच्या साध्या जॅकला मात्र ना ही वजाबाकी असते, ना खटका.

कंडेन्सर माइकला वीज लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवरून 48 व्होल्टचा दाब देऊन कॅमेरा ती पुरवतो; तिला फँटम पॉवर म्हणतात.

जोडणी बरोबर असली तरी पातळी जुळावी लागते. माइकमधून येणारा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो. मिक्सरमधून येणारी व्यावसायिक लाइन पातळी +4 डीबीयू, म्हणजे सुमारे 1.23 व्होल्ट असते. कॅमेऱ्याचे बटण ‘माइक’वर असताना लाइनचा संदेश आत आला, तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज संकलनात पूर्ववत होत नाही. उलट चूक झाल्यास आवाज क्षीण येतो आणि तो वाढवताना खरखरही वाढते. म्हणून एकच माइक दोन चॅनेलवर घेऊन दुसऱ्याची पातळी 10 ते 12 डेसिबलने खाली ठेवण्याची पद्धत आहे. पात्र अचानक ओरडले, तरी दुसरा चॅनेल शाबूत राहतो.

कॅमेरा जितका महाग तितक्या या सोयी अधिक, असे मात्र नाही. 2010 साली आलेल्या अ‍ॅरी अलेक्सावर आवाजासाठी पाच पिनांची एकच एक्सएलआर होती आणि तीही फक्त लाइन पातळीची. 2018 साली 1,295 डॉलरला आलेल्या ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के कॅमेऱ्यात फँटम पॉवरसह मिनी एक्सएलआर मिळाली, तर 2020 साली 5,995 डॉलरला आलेल्या रेड कोमोडोवर 3.5 मिमीचा जॅकच होता. कोमोडोची किंमत ग्लोबल शटरच्या सेन्सरची आहे, अलेक्साची उजेड-अंधाराचे 14 स्टॉप पेलणाऱ्या सेन्सरची.

यामागे चित्रपटनिर्मितीची रीत आहे. कथापटात आवाज साउंड रेकॉर्डिस्ट स्वतंत्र यंत्रावर घेतो. कॅमेऱ्यातला आवाज हा गाइड ट्रॅक असतो. क्लॅप किंवा टाइमकोडच्या आधाराने जुळणी करताना तो पडताळ्याला उपयोगी पडतो. अशा कामात एक्सएलआर नसल्याने कॅमेऱ्याचे मोल उणावत नाही. माहितीपटाचे गणित वेगळे. तिथे दोन-तीन माणसांचे पथक असते, प्रसंग पुन्हा घडत नाही आणि कॅमेऱ्यात आलेला आवाजच बहुधा अंतिम ठरतो. जोडण्या नसलेला कॅमेरा तिथे वेगळा रेकॉर्डर, जादा केबली आणि संकलनातल्या जुळणीचे तास असा खर्च मागतो. हा खर्च मिळवल्याशिवाय कॅमेऱ्याची खरी किंमत कळत नाही.

जुना कॅमेरा घेताना प्रत्येक सॉकेट स्वतंत्रपणे तपासावे. कंडेन्सर माइक लावून दोन्ही चॅनेलवर 48 व्होल्ट येतात का पाहावे, खटका घट्ट बसतो का बघावे आणि हेडफोन कानाला लावून केबल मुळाशी हलवावी. करकर ऐकू आली, तर सॉकेटचा टाका सुटलेला किंवा पिन सैल झालेली असू शकते. त्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार ठरवावा.