पंच, पायचीत आणि आपण

‘पंच’ हा शब्द मुळात पाचांचा. गावच्या पारावर पाच शहाणी माणसे बसत, दोन्ही पक्षांचे म्हणणे सावकाश ऐकून घेत, आपसांत खल करीत आणि मग निवाडा देत. पाचामुखी परमेश्वर ही म्हण त्याच श्रद्धेतली. क्रिकेट आपल्याकडे आले तेव्हा अंपायरला आपण हेच नाव दिले खरे. पण या पंचाजवळ विचारविनिमयाला उरलेले चौघे नसतात, साक्षीपुरावे तपासायला सवड नसते आणि निवाडा दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची सोयही नसते. अपील होताच बोट वर करायचे की मान हलवायची, एवढेच त्याच्या हाती असते. अशा निवाड्याने सामन्याचे पारडे फिरले, आणि तो निवाडा चुकलेला निघाला, तर काय करावे? हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही, असे मला वाटते. त्याचा ऊहापोह करायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच नागपूरला त्याचे एक ठळक उदाहरण घडून गेले आहे.

दिनांक २९ जानेवारी २०१७. स्थळ वर्धा मार्गावरील जामठ्याचे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान. भारत आणि इंग्लंड यांच्यातील तीन ट्वेंटी-२० सामन्यांच्या मालिकेतला हा दुसरा सामना होता. कानपूरचा पहिला सामना इंग्लंडने जिंकला असल्यामुळे नागपूरला हरणे म्हणजे भारताने मालिकाच गमावण्यासारखे होते. भारताने प्रथम फलंदाजी करून २० षटकांत ८ बाद १४४ धावा केल्या. त्यांत के. एल. राहुलच्या ७१ धावा होत्या. इंग्लंडचा पाठलाग धिम्या खेळपट्टीवर रेंगाळत गेला, तरी अखेरच्या षटकात त्यांना केवळ ८ धावा हव्या होत्या. जम बसलेला जो रूट ३८ धावांवर खेळत होता. चेंडू जसप्रीत बुमराहच्या हाती होता.

त्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर रूटच्या पॅडवर चेंडू आदळला, जोराचे अपील झाले आणि पंच सी. शमशुद्दीन यांनी त्याला पायचीत दिले. मी हा सामना घरी दूरचित्रवाणीवर पाहत होतो. काही क्षणांतच पडद्यावर फेरदृश्य आले आणि चेंडूने आधी बॅटची आतली कड घेतली होती, हे स्पष्ट दिसले. म्हणजे घराघरांत चहा पीत बसलेल्या माणसांना जे कळले, ते ज्याच्यावर निर्णयाची जबाबदारी होती त्या एकट्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते. रूट तंबूत परतला. त्या षटकात पुढे जोस बटलरही त्रिफळाचीत झाला, षटकभरात दोनच धावा निघाल्या आणि भारताने सामना ५ धावांनी जिंकला. तीन दिवसांनी बंगळूरचा सामना जिंकून मालिकाही भारताने २-१ अशी खिशात टाकली.

आता नियम काय सांगतो ते पाहू. पायचीत हा क्रिकेटमधला सर्वांत बौद्धिक बाद-प्रकार म्हणावा लागेल. त्रिफळा उडालेला डोळ्यांना दिसतो, झेल हातात दिसतो. पायचीत मात्र जे घडलेच नाही त्याविषयीचा निर्णय असतो. पाय मध्ये आला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता काय, हे पंचाला मनोमन ठरवावे लागते. त्याआधी चेंडू लेगस्टंपच्या बाहेर पडला नव्हता ना, पॅडला कोठे लागला, फलंदाजाने फटका मारण्याचा प्रयत्न केला होता काय, हेही पाहावे लागते. आणि या साऱ्यांच्या आधी एक साधी अट असते : चेंडू पायाला लागण्यापूर्वी बॅटला लागलेला नसावा. बॅटला लागला असेल तर पुढचे सारे प्रश्न बाद होतात, फलंदाज नव्हे. नागपूरला ठेच लागली ती या पहिल्याच पायरीवर.

ही पायरी ऐकायला सोपी वाटते. पण थोडे गणित करून पाहा. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्या काळी गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेबाहेर पडला की काय, हेही मैदानावरच्याच पंचाने पाहायचे असे. म्हणजे नजर आधी खाली, आणि मग त्या अर्ध्या सेकंदात वर उचलून वीस मीटरवर स्थिर करायची. बॅटची कड घेऊन चेंडू पॅडवर जातो तेव्हा दोन आवाज होतात. पण बॅट आणि पॅड यांत वीतभरही अंतर नसेल तर त्या दोन आवाजांमधला काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत येतो. मानवी कानाला तो एकच ‘टक’ वाटला तर नवल नाही. त्यात जामठ्यासारख्या सुमारे ४५ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर शेवटच्या षटकाचा गलका, आणि एकाच वेळी ओरडणारे खेळाडू. हे सांगण्यात निर्णय बरोबर होता असे सुचवायचे नाही. निर्णय चुकलाच होता. पण चूक कशी घडते हे समजले म्हणजे चुकणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याची घाई आपण करीत नाही, एवढेच.

या एका निर्णयाने सामना ठरला काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर ‘काही अंशी’ असेच द्यावे लागेल. रूट बाद झाला तेव्हा पाच चेंडू उरले होते, आठ धावा हव्या होत्या, आणि बटलर व मोईन अली यांच्यासारखे तडाखेबंद फलंदाज मैदानात होते. बुमराहने ते पाचही चेंडू अप्रतिम टाकले, आणि तोच सामन्याचा मानकरीही ठरला. त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु जम बसलेला फलंदाज जाऊन नव्या माणसाने मोक्याच्या क्षणी खेळायला येणे यात जमीन-अस्मानाचे अंतर असते, हेही खरे. इंग्लंडचा कर्णधार ऑइन मॉर्गन याने सामन्यानंतर उघडपणे नाराजी व्यक्त केली. भारताच्या डावात विराट कोहलीविरुद्धचे पायचीतचे अपील फेटाळले गेले, त्याचाही त्याने उल्लेख केला.

मग फेरविचार का मागितला गेला नाही? कारण तशी सोयच नव्हती. पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पद्धत, जिला सगळे डी.आर.एस. म्हणतात, प्रथम २००८ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत प्रयोगादाखल वापरली गेली. त्यानंतर आपल्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे तिला विरोध केला. चेंडूच्या मार्गाचा अंदाज बांधणारे तंत्र पुरेसे भरवशाचे नाही, हे त्यामागचे कारण होते. २०१६ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत मंडळाने ती स्वीकारली, आणि जानेवारी २०१७ च्या एकदिवसीय सामन्यांतही ती होती. मात्र त्याच महिन्यातल्या ट्वेंटी-२० सामन्यांत ती नव्हती! तेच दोन संघ, तोच महिना. पण पन्नास षटकांच्या सामन्यात जो न्याय मागता येत होता, तो वीस षटकांच्या सामन्यात मागता येत नव्हता. ऑक्टोबर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामन्यांतही ही सोय आली. पुढे २०२० पासून पुढच्या पायाचा नोबॉल पाहण्याचे कामही हळूहळू तिसऱ्या पंचाकडे गेले. माणसावर राग काढण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचा भार कमी करणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

यंत्र आले म्हणजे तंटा मिटला, असे मात्र कोणी समजू नये. २५ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमधील हेडिंग्ले मैदानावर याच्या उलटे घडले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचा शेवटचा गडी खेळत होता, विजयाला दोन धावा हव्या होत्या, आणि नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्सविरुद्धचे पायचीतचे अपील फेटाळले गेले. चेंडू यष्ट्यांवर जात होता, असे यंत्राने नंतर दाखविले. पण ऑस्ट्रेलियाने दाद मागण्याची आपली अखेरची संधी आदल्याच षटकात एका फोल अपिलावर घालविली होती. इंग्लंडने तो कसोटी सामना एका गड्याने जिंकला. नागपूरला सोय नव्हती म्हणून चूक टिकली. हेडिंग्लेला सोय संपली होती म्हणून टिकली. आणि गंमत अशी की, नागपूरच्या पराभूत संघातही स्टोक्स होता.

शिवाय यंत्रानेही पंचाला पार हद्दपार केलेले नाही. पायचीतच्या फेरविचारात चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला स्पर्श करील असे दिसले, तर मैदानावरच्या पंचाने जे ठरविले असेल तेच कायम राहते. म्हणजे जेथे यंत्राचीही खात्री संपते, तेथे अजून माणसाचाच शब्द चालतो.

आणि आणखी एक दरवाजा आहे, जो कोणत्याही यंत्राहून जुना आहे. नियमाप्रमाणे अपील झाल्यावाचून पंच कोणालाही बाद देत नाही; आणि बाद ठरलेला फलंदाज मैदानाबाहेर जाण्यापूर्वी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला पंचांच्या संमतीने अपील मागे घेता येते. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत हेच घडले. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. बॉब टेलरला पंचांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. बॅटला चेंडू लागलेलाच नाही, अशी भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि इयान बॉथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला. पराभव विस्मरणात गेला. विश्वनाथचे औदार्य आजही सांगितले जाते. अर्थात कर्णधाराला सत्य ठाऊक असेल तेव्हाच हा मार्ग खुला असतो. नागपूरला ती कड भारतीय खेळाडूंपैकी कोणाला कळली होती, असे म्हणायला कसलाही आधार नाही, म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

दोष द्यायचाच तर तो आपणा प्रेक्षकांच्या वजनमापांना द्यावा. जानेवारी २००८ मध्ये सिडनीच्या कसोटीत ३० धावांवर अँड्र्यू सायमंड्स झेल जाऊनही नाबाद ठरला आणि पुढे त्याने नाबाद १६२ धावा केल्या, दुसऱ्या डावात राहुल द्रविडला चेंडू बॅटला न लागताच झेलबाद देण्यात आले, भारत हरला. तेव्हा देशभर केवढा संताप उसळला! पंच स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून वगळण्यात आले. त्यांच्याविषयी चौकाचौकांत जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही. नऊ वर्षांनी नागपूरला तशीच चूक आपल्या पदरात पडली, तेव्हा ‘चालायचेच, हा खेळाचाच भाग आहे’ असे म्हणून आपण मोकळे झालो. चूक तीच; ती कोणाच्या पदरात पडली एवढ्यावरून एका ठिकाणी ती कारस्थान ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी नशीब. पारावरच्या पंचांनी असे दोन तराजू वापरले असते तर गावाने त्यांना पारावरून उठविले असते.

निर्णय अंतिम असणे आणि निर्णय बरोबर असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अंतिम असल्यावाचून सामना पुढे सरकत नाही. म्हणून मैदानावर तो मुकाट्याने मानायचा. रूटने तेच केले आणि तो चालू लागला. पण मैदानाबाहेर आल्यावर तो चुकला होता असे म्हणण्याची मुभा सर्वांना असते, आणि जिंकलेल्याने ते म्हटले तर त्याला अधिक किंमत असते. हरलेल्याची तक्रार लोक रडगाणे म्हणून सोडून देतात. जिंकलेल्याची कबुली कोणी तशी सोडून देऊ शकत नाही.

आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पायचीत देत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. तेथे बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एक गडी पंच म्हणून उभा असतो आणि त्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास नसतो, म्हणून तो नियमच काढून टाकलेला असतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मात्र पायचीत असते, आणि तेथे डी.आर.एस. नसते. उन्हात दिवसभर उभा राहणारा एक माणूस असतो, आणि त्याच्यावर टाकलेला दोन्ही संघांचा भरवसा असतो. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या हंगामात तुमच्या संघाविरुद्ध बोट वर गेले तर बॅट आपटू नका. आणि तुमच्या बाजूने चुकीचे बोट वर गेले तर सामना संपल्यावर निदान समोरच्या संघाच्या कर्णधाराला तसे सांगा. जामठ्याचा सामना भारताने जिंकला याचा मला नागपूरकर म्हणून आनंद आहेच. रूट बाद नव्हता, हे म्हणताना त्या आनंदात काही उणे येत नाही.