परदेश दौऱ्यात मोबाइल इंटरनेट : निवड कशी करावी?

राज्याच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे परदेशी जात असतात. अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी प्रशिक्षणासाठी जातात. नोकरीनिमित्त परदेशी राहिलेल्या मुलांना भेटण्यासाठी जाणारी वडीलधारी मंडळी तर आता लहान गावांतूनही दिसू लागली आहेत. या सर्वांच्या तयारीत पारपत्र, व्हिसा, विमा व परकीय चलन यांचा विचार आवर्जून होतो. मोबाइलचा विचार मात्र बहुधा विमानतळावरील रांगेत उभे असताना सुचतो. त्या घाईत जी योजना समोर येईल ती घेतली जाते आणि तिचा भुर्दंड पुढे सोसावा लागतो.

परदेशात इंटरनेट स्वस्त कोठे मिळेल, हा प्रश्न सर्वजण विचारतात. परंतु त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. आपला भारतातील क्रमांक प्रवासाच्या काळात चालू राहणार आहे काय? बँकेचे व्यवहार, कार्डावरील खरेदी, आयकराचे वा निवृत्तिवेतनाचे काम या सर्वांसाठी येणारा ओटीपी अद्याप बहुतांशी त्याच क्रमांकावर येतो. परदेशात पाकीट हरवले आणि कार्ड बंद करण्याची वेळ आली, तर त्याच क्रमांकाची गरज पडते. तेव्हा नव्या देशातील स्वस्त कार्ड घालण्यासाठी भारतीय कार्ड काढून पिशवीत टाकणे, ही पुष्कळ प्रवाशांची सवय सोयीची नाही. त्यातच संदेश-सेवांची नोंदणी ज्या कार्डावर झाली असेल ते कार्ड फोनमध्ये असलेच पाहिजे, अशा आशयाचे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा सेवांना दिले आहेत. यास्तव क्रमांक एका कार्डावर आणि इंटरनेट दुसऱ्या कार्डावर, अशी विभागणी मनाशी ठरवून मगच पुढील निवडीकडे वळावे.

रोमिंग म्हणजे काय?

प्रत्येक सिमकार्डात ते कोणत्या कंपनीचे आहे याची नोंद असते. आपण ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर उतरून फोन सुरू केला, की तेथील जाळे ही नोंद वाचते, भारतातील कंपनीकडे चौकशी करते आणि दोन्ही कंपन्यांत करार असल्यास सेवा देऊ लागते. अशा प्रकारचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये फिनलंडमधील व ब्रिटनमधील कंपन्यांत झाला. वापराचा हिशेब परदेशी कंपनी भारतीय कंपनीकडे पाठवते व तो आपल्या खात्यावर पडतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रोमिंगवर आपण जे इंटरनेट वापरतो ते बहुधा त्या देशात खुले होत नाही. सर्व मजकूर आधी मूळ देशातील कंपनीच्या यंत्रणेपर्यंत येतो व तेथून पुढे जातो. त्यामुळे वेग थोडा मंदावतो. याचा एक लाभही आहे. चीनमध्ये गूगल व व्हॉट्सॲप यांवर बंदी असल्याने तेथील स्थानिक कार्डावर ती चालत नाहीत. भारतीय कार्डाच्या रोमिंगवर मात्र सामान्यतः चालतात. म्हणजे स्थानिक कार्ड सर्वत्र श्रेयस्कर, हा समजही तपासून घ्यावा लागतो.

रोमिंगचा पॅक घेतल्यास कार्ड बदलावे लागत नाही, आपला क्रमांक चालू राहतो आणि अडचण आल्यास मराठी वा हिंदीत बोलता येते. आठवड्याभराच्या दौऱ्यात ज्यांना तांत्रिक खटाटोप नको, त्यांना हाच मार्ग सुचवावासा वाटतो. परंतु पॅक न घेता इंटरनेट चालू राहिले तर दर मेगाबाइटमागे आकारणी होते आणि प्रवासी काही करीत नसतानाही फोन छायाचित्रांची साठवण व ॲपची नवी आवृत्ती उतरवण्याचे काम पार्श्वभूमीला करीतच असतो. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक संपली की सेवा थांबते. पोस्टपेड ग्राहकाचे देयक वाढतच जाऊ शकते. दिवसाच्या हिशेबाचा पॅक असल्यास तो दिवस भारतीय मध्यरात्रीने मोजला जातो की चोवीस तासांनी, हे आधी विचारावे. विमानातील व जहाजावरील जाळे साध्या पॅकमध्ये बहुधा येत नाही, ही आणखी एक खाचखळग्याची जागा होय.

युरोपातील एका मार्गाचे उदाहरण

शेतीविषयक दौऱ्यांत नेदरलँड्समधील हरितगृहे, जर्मनीतील यंत्रे, स्वित्झर्लंडमधील दुग्धव्यवसाय आणि ऑस्ट्रिया असा मार्ग पुष्कळदा असतो. दहा-बारा दिवसांत चार देश. प्रत्येक देशात नवे कार्ड घेणे व्यवहार्य नाही. सुदैवाने त्याची गरजही नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील आपसांतले अतिरिक्त रोमिंग शुल्क रद्द केले आणि २०२२ मध्ये या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन हे संघाचे सदस्य नसलेले देशही या व्यवस्थेत आहेत. त्यामुळे नेदरलँड्समध्ये घेतलेले कार्ड जर्मनीत व ऑस्ट्रियात सामान्यतः त्याच दराने चालते. तथापि हा नियम मूलतः तेथील रहिवाशांसाठी आहे. प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रीपेड कार्डावर ही सवलत असेलच असे नाही आणि असली तरी परदेशी वापरासाठी डेटाची मर्यादा कमी असू शकते. दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारून मगच पैसे द्यावेत.

खरी अडचण आहे ती स्वित्झर्लंडची. हा देश नकाशावर मध्यभागी असूनही युरोपीय संघात नाही आणि या सवलतीतही नाही. बस जर्मनीतून ऱ्हाइनच्या धबधब्याकडे वळते, सीमेवर कोणी थांबवीत नाही, खिडकीबाहेरचा देखावाही तोच असतो. फोनने मात्र जाळे बदललेले असते. कॉन्स्टन्स सरोवराच्या जर्मन काठावर बसलेल्या प्रवाशाचा फोनदेखील समोरच्या स्विस मनोऱ्याशी जोडला जाऊ शकतो. म्हणून या मार्गाचे कार्ड घेताना 'युरोप' हा शब्द वाचून समाधान मानू नये. देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचे नाव आहे काय, ते पाहावे. ब्रिटनबाबतही तीच दक्षता हवी, कारण संघातून बाहेर पडल्यापासून तो देश या व्यवस्थेबाहेर आहे.

स्थानिक कार्ड कोठे घ्यावयाचे हेही ठरवावे लागते. नेदरलँड्समध्ये प्रीपेड कार्ड किराणा दुकानातही सहज मिळते. जर्मनीत २०१७ पासून आणि ऑस्ट्रियात २०१९ पासून ओळखीची तपासणी केल्याशिवाय ते सुरू होत नाही. पारपत्र दौऱ्याच्या प्रमुखाकडे ठेवले असेल तर दुकानातून हात हलवीत परत यावे लागेल. विमानतळावरील दुकानांत दर बहुधा चढे असतात. एका ठिकाणी महिनाभर वा अधिक काळ राहावयाचे असल्यास स्थानिक कार्डाइतके स्वस्त दुसरे काही नाही. मुलांकडे राहावयास जाणाऱ्या आईवडिलांनी हाच पर्याय निवडावा.

ई-सिम

अलीकडे ई-सिम हा तिसरा मार्ग उपलब्ध झाला आहे. यात प्लास्टिकचे कार्ड नसते. फोनमध्ये कायम बसवलेल्या चकतीत कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवली जाते. भारतीय कार्ड जागेवर राहते आणि परदेशी डेटा त्याच्या शेजारी येऊन बसतो. वर सांगितलेली विभागणी यात आपोआप साधते, म्हणूनच अनेक देशांच्या दौऱ्यासाठी हा पर्याय सर्वांत सोयीचा वाटतो.

प्रत्येक फोनमध्ये मात्र ही सोय नसते. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. त्यासोबत ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसल्यास त्या फोनमध्ये ई-सिम चालते असे समजावे. माहिती उतरवण्यासाठी इंटरनेट लागत असल्याने हे काम घरीच उरकावे. मुदत उतरवल्या दिवसापासून मोजली जाते की परदेशी जाळ्याशी जोडल्यापासून, हे खरेदीपूर्वी वाचावे. चौकटीचा सांकेतिक छाप सहसा एकदाच चालतो. म्हणून उतरवलेले ई-सिम चुकून पुसून टाकू नये.

यानंतरचा टप्पा गोंधळाचा आहे. फोनमध्ये डेटा रोमिंगची कळ प्रत्येक कार्डासाठी वेगळी असते. ई-सिमवर ती चालू लागते, कारण ती विकणारी कंपनीही दुसऱ्याच्या जाळ्यावर पाहुणीच असते. भारतीय कार्डावर ती बंद हवी. एका कार्डाचे इंटरनेट मंदावल्यास दुसऱ्यावर आपोआप जाण्याची मुभा काही फोन देतात. तीही बंद करावी. भारतीय कार्ड असे केवळ संदेशांपुरते चालू ठेवण्यासाठी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू असावी लागते. येणाऱ्या लघुसंदेशास बहुतेक भारतीय कंपन्या आकार लावीत नाहीत, पण काही योजनांत रोमिंगचे लहानसे रिचार्ज लागते. निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून खात्री करून घ्यावी. आलेला फोन उचलल्यास मात्र पैसे पडतात. घरच्यांना व्हॉट्सॲपवरूनच बोलण्यास सांगून ठेवावे. इंटरनेट कोणत्याही कार्डाचे असले तरी व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालते.

डेटा किती घ्यावा, याचा अंदाज वापरावरून बांधता येतो. इंटरनेटवरील साध्या बोलण्यास तासाला सुमारे ३० मेगाबाइट पुरतात. समोरासमोर दिसणाऱ्या बोलण्यास त्याच्या दहापट लागतात आणि स्पष्ट चित्राचा चित्रपट तासाला एक ते तीन गिगाबाइट खातो. नकाशे आधीच उतरवून ठेवल्यास वाट शोधण्यास जवळपास काहीच लागत नाही. रोज संध्याकाळी नातवंडांचे तोंड पाहावयाचे असल्यास निवासस्थानाचे वाय-फाय वापरावे. बँकेचे काम मात्र स्थानकावरच्या वा उपाहारगृहाच्या खुल्या वाय-फायवर करू नये.

एका गावचे चौघे-पाचजण एकत्र असतील तर एकाच्या फोनवरून इतरांना इंटरनेट देता येते. खर्च खरोखर वाचतो. पण तो एकजण दुसऱ्या बसमध्ये बसला की बाकीचे सगळे मुके होतात. भाड्याने मिळणाऱ्या वाय-फाय यंत्राचीही तीच गत. शिवाय ते रोज चार्ज करावे लागते आणि परत करावयाचे असते. गटात निदान दोघांकडे तरी स्वतंत्र सोय असावी. जुना बटणांचा फोन घेऊन जाण्याचा मोह टाळावा. स्वित्झर्लंडमधील स्विसकॉम कंपनीने आपले २जी जाळे २०२१ मध्येच बंद केले आहे, त्यामुळे असा फोन तेथे मुका ठरू शकतो. संकटकाळी ११२ हा क्रमांक या चारही देशांत चालतो. जर्मनीत मात्र तो लागण्यासाठी फोनमध्ये चालू कार्ड असणे आवश्यक आहे.

परदेशी कंपनीकडून हिशेब येण्यास विलंब होत असल्याने पोस्टपेड ग्राहकाच्या देयकात प्रवासाच्या रकमा पुढील महिन्यातही दिसू शकतात. पॅक सुरू झाल्याचा संदेश, तारीख व वेळ यांसह तोवर जपून ठेवावा. आकारणी चुकीची वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा आणि तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी.