‘मिस रो’ म्हणजे लीला राव : पहिल्या टेनिसपटू स्त्रियांच्या नोंदी कशा वाचायच्या

विम्बल्डनच्या १९३४ सालच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीचा एक निकाल आहे. हरलेल्या खेळाडूचं नाव ग्लॅडिस साउथवेल. जिंकलेल्या खेळाडूचं आडनाव इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर ‘रो’. स्कोअर ४-६, १०-८, ६-२. विम्बल्डनमध्ये भारतीय स्त्रीने सामना जिंकल्याची ही पहिली नोंद.

आता ही ‘मिस रो’ कोण? नाव वाचून डोळ्यांसमोर एखादी गोरी मड्डम येते आणि आपण पान उलटतो. पण हे ‘रो’ म्हणजे आपलं ‘राव’. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत राव हे नाव दोन तऱ्हांनी लिहीत. वडोदऱ्याच्या वाचकांना उदाहरण लांब शोधायला नको. तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि त्रावणकोर, इंदूर, वडोदरा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांच्या नावातला ‘राव’ही जुन्या इंग्रजी कागदांत असाच दिसतो. त्यांना कुणी ‘माधव रो’ म्हणत नाही, कारण ते आपल्या ओळखीचे. लीला राव मात्र स्पेलिंगमध्येच अडकून पडल्या.

या लेखात लीलाबाईंची ओळख करून द्यायची आहेच. त्याशिवाय आणखी एक गोष्ट सांगायची आहे. टेनिस खेळणाऱ्या पहिल्या पिढीतल्या स्त्रियांच्या नोंदी आपण दोन कारणांनी चुकीच्या वाचतो. एक कारण नाव आणि दुसरं ‘पहिली’ हा शब्द.

‘पहिली’ म्हणजे नेमकी कशात पहिली?

‘पहिली भारतीय महिला टेनिसपटू’ अशा मथळ्याचे मजकूर मोबाइलवर फिरत असतात. कधी त्यात मेहेरबाई टाटा असतात, कधी लीला राव. वर्षं लावून पाहिली की गोंधळ राहत नाही.

१९२४ : पॅरिस ऑलिम्पिक. भारताच्या टेनिस चमूत दोन स्त्रिया होत्या, मेहेरबाई टाटा आणि नोरा पॉली. मेहेरबाईंचं नाव मिश्र दुहेरीत महंमद सलीम यांच्या जोडीने आहे.

१९२९ : विम्बल्डन. जेनी सँडिसन ही अँग्लो-इंडियन खेळाडू तिथे उतरली. विम्बल्डनमध्ये खेळलेली पहिली भारतीय स्त्री ती.

१९३४ : विम्बल्डन. लीला राव यांचा वर दिलेला विजय.

म्हणजे ऑलिम्पिकमध्ये पहिल्या दोघी, विम्बल्डनला उतरलेली पहिली वेगळी आणि तिथे जिंकलेली पहिली आणखी वेगळी. चौघींची चार खाती. ‘पहिली’ हा शब्द सुटा वापरला की चारही खाती एकीच्याच नावावर चढतात आणि बाकीच्या तिघी पुसल्या जातात. पुसल्या जाणाऱ्यांत नोरा पॉली आणि जेनी सँडिसन नेहमी असतात, हा काही योगायोग नाही. नावं इंग्रजी, म्हणून त्या ‘आपल्या’ वाटत नाहीत. पण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे देश भारतच आहे. इतिहास लिहिताना आपल्याला कोण जवळचं वाटतं हा निकष लावून चालत नाही.

मेहेरबाईंची साडी

मेहेरबाईंचा जन्म १८७९ चा. वडील एच. जे. भाभा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. १८९८ मध्ये दोराबजी टाटांशी लग्न झालं. पॅरिसला गेल्या तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या, आणि त्या साडी नेसून टेनिस खेळत. आज हे वाचताना कौतुक वाटतं आणि थोडं हसूही येतं. पण त्या काळच्या युरोपातल्या खेळाडूंचे कपडे शेजारी ठेवून पाहा.

लॉन टेनिसचं पेटंट मेजर विंगफिल्डने १८७४ मध्ये घेतलं. विम्बल्डनला पुरुषांची स्पर्धा १८७७ पासून सुरू झाली. स्त्रियांना १८८४ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी नावं आली तेरा. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला आणि मॉड वॉटसनने लिलियनला ६-८, ६-३, ६-३ असं हरवलं. दोघी घोट्यापर्यंतच्या झग्यात खेळल्या. १८८७ मध्ये लॉटी डॉड जिंकली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शाळकरी वय असल्यामुळे तिला आखूड स्कर्ट चालून गेला. मोठ्या बायकांना तो चालला नसता.

१९१९ च्या अंतिम सामन्यात चाळीस वर्षांच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स पायघोळ स्कर्टमध्ये होत्या. समोर वीस वर्षांची सुझान लाँग्लां पोटरीपर्यंतचा झगा घालून आणि कॉर्सेटशिवाय उतरली. तो सामना सुझानने १०-८, ४-६, ९-७ असा जिंकला, पण गवगवा झाला तो तिच्या कपड्यांचा. पुढे १९३१ मध्ये स्पेनची लिली दे आल्वारेझ दुभागलेला स्कर्ट घालून आली, त्यावरही गदारोळ झाला.

म्हणजे १९२४ साली मेहेरबाईंची साडी जगावेगळी नव्हती. पाचच वर्षांपूर्वी विम्बल्डनचा अंतिम सामना पायघोळ स्कर्टमध्ये खेळला गेला होता. अडचण दोन्हींत एकच आहे. घोट्यापर्यंत गोल कापड असलं की पाऊल एका मापापलीकडे पडत नाही, आणि टेनिसमध्ये तर पहिली दोन पावलंच महत्त्वाची. गंमत म्हणजे आपल्याकडचं काष्ट्याचं नऊवारी लुगडं पाय मोकळे ठेवतं. शेतात राबणाऱ्या बाईला ते ठाऊकच होतं. पण क्लबात जाणाऱ्या घरांत तोवर गोल साडी रुळली होती. मेहेरबाई खेळल्या त्या याच साडीत, आणि तरीही त्यांनी चषक मिळवले.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. साडीच्या गमतीत त्यांचं काम झाकलं जातं. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या त्या संस्थापकांपैकी होत्या. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्याच्या वेळी त्यांचं मत विचारात घेतलं गेलं. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. त्या आजारावरच्या संशोधनाला मदत करणारा न्यास त्यांच्याच नावाने उभा राहिला.

आईचं घर

आता लीलाबाईंकडे. १९३४ चा सामना एका दिवसात घडत नाही. टेनिसला मैदान लागतं, जाळी लागते, रोज तास-दोन तास लागतात आणि सर्वांत अवघड म्हणजे समोर खेळायला कुणीतरी लागतं. मुंबईतले जिमखाने तेव्हा जातिधर्मावर वाटलेले होते. बॉम्बे जिमखाना युरोपियनांचा, त्याशिवाय पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखाने वेगवेगळे. भारतीय आणि युरोपियन दोघांनाही घेणारा विलिंग्डन क्लब निघाला तो १९१७ मध्ये. अशा शहरात मुलीने टेनिस शिकायचं तर घरातूनच पाठबळ हवं.

ते पाठबळ होतं. लीलाबाईंची आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, मूळचे सावंतवाडीकडचे. गोव्याच्या वाचकांच्या अगदी हद्दीलगतचं हे घराणं. कालिदासाच्या नाटकांच्या आणि सायणभाष्यासह अथर्ववेदाच्या त्यांच्या संपादित आवृत्त्या अभ्यासकांना परिचित आहेत. तुकारामांच्या गाथेच्या जुन्या छापील आवृत्तीच्या संपादनातही ते होते. पोरबंदरचा कारभार ते पाहत असताना स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे राहिले होते.

क्षमाबाईंचा जन्म १८९० चा. वडील गेले १८९४ मध्ये, म्हणजे वडिलांकडून शिकायला त्यांना वेळच मिळाला नाही. तरी त्या संस्कृत शिकल्या, आणि इतक्या की १९३२ मध्ये त्यांची ‘सत्याग्रहगीता’ पॅरिसमध्ये छापली गेली. गांधीजींच्या आंदोलनाची कथा त्यांनी संस्कृत श्लोकांत सांगितली आहे. पुढे तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रंही त्यांनी संस्कृतात लिहिली. पती डॉ. राघवेंद्र राव मुंबईत वैद्यक व्यवसायात होते. आणि क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत.

हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. लीलाबाईंच्या पिढीत टेनिस खेळणारी मुलगी दुर्मीळ, पण टेनिस खेळणारी आई त्याहून दुर्मीळ. मॉड वॉटसनला समोर खेळायला बहीण होती, लीलाबाईंना आई. क्लबांची दारं अर्धवट उघडी असताना हा खेळ घरातल्या बायकांनी एकमेकींना दिला.

स्कोअरमध्ये दडलेला सामना

लीलाबाईंचा जन्म १९११ चा. म्हणजे साउथवेलविरुद्ध उतरल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. सामन्याचं चित्रण आपल्यासमोर नाही, पण स्कोअर नीट वाचला तर बरंच कळतं.

पहिला सेट ४-६ असा गेला. टायब्रेक ही भानगड तेव्हा नव्हती. विम्बल्डनमध्ये ती आली १९७१ मध्ये. त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच. दुसरा सेट १०-८ असा सुटला, याचा अर्थ तो ५-५, ६-६, ७-७ आणि ८-८ अशा चारही थांब्यांवरून गेलाच असला पाहिजे. एरवी तो आधीच संपला असता. आणि या प्रत्येक थांब्यावर प्रतिस्पर्धी विजयापासून फक्त दोन गेम दूर होती. चार वेळा सामना हातातून जाण्याच्या बेतात होता आणि चारही वेळा गेला नाही. त्यानंतरचा ६-२ हा सेट पाहिला की दमलं कोण होतं तेही समजतं. एकूण ३६ गेम झाले. पुढच्या फेरीत लीलाबाई हरल्या, पण या ३६ गेमनी त्यांचं नाव कायमचं नोंदलं गेलं.

देशातही त्यांचा दबदबा होता. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेतलं महिला एकेरीचं विजेतेपद त्यांनी १९३१ ते १९४३ या काळात सात वेळा मिळवलं. एका विम्बल्डन विजयापेक्षा ही बारा-तेरा वर्षं टिकलेली सत्ता खेळाडू म्हणून अधिक मोठी मानायला हवी.

एका बाईची दोन कपाटं

१९४३ मध्ये लीलाबाईंचं लग्न आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झालं. दयाळ पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लग्नानंतर नाव झालं लीला राव दयाळ. या नावाने ग्रंथालयात गेलात तर वेगळ्याच बाई भेटतात. आईच्या कथांवरून संस्कृत एकांकिका लिहिणाऱ्या, नृत्यावर ‘नृत्तमंजरी’ लिहिणाऱ्या, मणिपुरी नृत्यावर पुस्तक करणाऱ्या. क्षमाबाईंच्या कथांमध्ये बालविधवेचं दुःख आहे, बाईच्या वाट्याला येणारे अन्याय आहेत. लीलाबाईंनी ते रंगमंचाच्या रूपात आणलं.

झालं असं, की संस्कृतच्या अभ्यासकांना लीला राव दयाळ ठाऊक, पण त्या टेनिस खेळत हे नाही. टेनिसवाल्यांना ‘मिस रो’ ठाऊक, पण संस्कृत नाटकं नाहीत. एका बाईची दोन कपाटं झाली आणि मधली चावी, म्हणजे नाव, बदललेली.

पुरुषाच्या बाबतीत हे सहसा होत नाही. जन्मापासून शेवटपर्यंत आडनाव एकच, म्हणून नोंदी आपोआप जुळतात. स्त्रीच्या नोंदी जुळवाव्या लागतात. माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘मिसेस’पुढे नवऱ्याची आद्याक्षरं आणि वर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. चार ठिकाणी चार बायका दिसतात, आणि असते ती एकच.

आपल्या गावात काय शोधायचं

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, पणजी, हैदराबाद. जिथे संस्थान होतं किंवा छावणी होती, तिथे जुने क्लब असतात. अशा ठिकाणी शोध घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, चषकावरचं नाव जसं कोरलंय तसंच उतरवून घ्या. स्पेलिंग दुरुस्त करू नका. ‘रो’चं ‘राव’ करायचं ते नंतर, शेजारच्या रकान्यात.

दुसरी, ‘मिसेस’ दिसलं की नवऱ्याच्या आद्याक्षरांवर थांबू नका. लग्नाचं साल आणि माहेरचं आडनाव विचारून त्याआधीचे निकालही पाहा. बाईंची खरी कारकीर्द बहुतेक वेळा तिथेच असते.

तिसरी, ‘पहिली’ लिहिण्याआधी पुढे ‘कशात’ आणि ‘कोणत्या वर्षी’ हे लिहा. ते लिहिता आलं नाही तर ‘पहिली’ हा शब्द गाळा. बाईंचं काम त्याने कमी होत नाही, आणि दुसऱ्या कुणाची नोंद पुसली जात नाही.

घरात आजीचा किंवा पणजीचा चांदीचा कप असेल तर पितांबरी लावून घासण्याआधी एकदा फोटो काढा. घासून घासून आधी झिजतं ते कोरलेलं नावच.