चाळीसची वायल, शंभरची सिरिंज

झाशी शहर आणि सीपरी बाजार यांच्यामधून रेल्वेचे रूळ जातात. रुळांपलीकडच्या या गजबजलेल्या बाजारात औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये दोन तऱ्हेचे इन्सुलिन असते. एक रबरी बुचाच्या काचेच्या वायलमधले, दुसरे पेनात बसणाऱ्या बारीक कार्ट्रिजमधले. वायलवर बारीक अक्षरांत छापलेले असते ‘40 आययू/मिली’, कार्ट्रिजवर बहुधा ‘100 आययू/मिली’. नर्सिंगच्या विद्यार्थ्याने मधुमेहाच्या औषधांचा अभ्यास या दोन आकड्यांपासूनच सुरू करावा.

कारण त्याची बहुतेक पाठ्यपुस्तके आणि मोबाइलवरचे व्हिडिओ अमेरिकेचे. तिथे इन्सुलिन म्हणजे 100 युनिटचे, हे गृहीतच असते. भारतातल्या सरकारी आणि छोट्या रुग्णालयांत मात्र आजही मुख्यतः 40 युनिटची वायल चालते आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. नारंगी टोपीची सिरिंज 100 युनिटवाली. पुस्तकातली आकृती आणि ट्रेमधली वस्तू यांचा मेळ बसत नाही, तो असा.

हिशेब एकदा हाताने करून पाहावा. डॉक्टरांनी 20 युनिट लिहिले आहेत. चाळीसच्या वायलमधले औषध नारंगी सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढले, तर हाती येते 0.2 मिली, म्हणजे फक्त 8 युनिट. रुग्णाची साखर चढीच राहते आणि मग डोस वाढवला जातो. उलट, शंभरचे औषध लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढले, तर ते होते अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट. अडीचपट. ही चूक रात्रीच्या डोसला झाली, तर पहाटेपर्यंत रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून पेनची कार्ट्रिज सिरिंजने उपसायची नाही, हा नियम घाईतही मोडायचा नाही.

हे औषध आले कुठून, हेही माहीत असावे. इन्सुलिनचा पहिला रुग्ण चौदा वर्षांचा होता. लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध असल्याने ते फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर 23 जानेवारीपासून पुन्हा डोस सुरू झाले आणि मुलगा सावरला. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, 14 नोव्हेंबर, हाच जागतिक मधुमेह दिन. भारतीय कंपनीने बनवलेले पहिले मानवी इन्सुलिन, वोक्हार्टचे ‘वोसुलिन’, 2003 मध्ये बाजारात आले. आज देशात मधुमेही किती, याचा आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 मधल्या अहवालातला अंदाज आहे 10.1 कोटी. झाशीत 1968 पासून चालणाऱ्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या रुग्णालयात शिकणाऱ्या परिचारिकेला मधुमेहाचा रुग्ण रोजच भेटणार.

वॉर्डात मुख्यतः दोन रंगांचे इन्सुलिन हाताळावे लागते. पाण्यासारखे स्वच्छ ‘रेग्युलर’ जेवणाआधी अर्धा तास द्यायचे. ते अर्ध्या तासात काम सुरू करते आणि दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो. दुसरे दुधाळ ‘एनपीएच’ किंवा 30/70 चे मिश्रण. हे जोरात हलवायचे नाही. वायल दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू दहा वेळा फिरवायची, मग दहा वेळा खालीवर करायची, रंग सारखा दिसेपर्यंत. रेग्युलर आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असतील तर आधी स्वच्छ, मग दुधाळ. ग्लार्जिन दिसायला स्वच्छ असले तरी ते कशातच मिसळत नाहीत. आणि दुधाळ इन्सुलिन शिरेतून कधीच जात नाही.

इंजेक्शन दिले आणि जेवणाचे ताट आलेच नाही, हा प्रसंग वॉर्डात नेहमीचा. त्यामुळे ताट समोर येणार याची खात्री करूनच रेग्युलर टोचावे.

आता उन्हाची गोष्ट. मे महिन्यात झाशीचा पारा 45 अंशांवर जातो आणि वीज गेली की फ्रिजचा भरवसा नसतो. न उघडलेली वायल 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे. वापरात असलेली वायल साधारण 28 दिवस खोलीच्या तापमानात चालते, पण ती खोली बुंदेलखंडातली आहे, हे पाकिटावर लिहिलेले नसते. ज्या घरी फ्रिज नाही, तिथे मातीचे मडके चांगले काम करते. मडके ओल्या वाळूत ठेवून, वायल कोरड्या डबीत घालून आत ठेवावी. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानाच्या आधारे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 25 ते 37 अंशांच्या चढउतारातही उघडलेले इन्सुलिन चार आठवडे प्रभावी राहिले. पंचेचाळीस अंशांची हमी मात्र त्यात नाही. उन्हात उभ्या मोटारीत वायल ठेवू नका, हे घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगायलाच हवे.

गोळ्यांबाबत परिचारिकेने विचारायचा पहिला प्रश्न असा: ही गोळी एकटी साखर धोक्याइतकी खाली उतरवू शकते का? मेटफॉर्मिन सहसा तितकी उतरवत नाही. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिनही सहसा नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि विशेषतः ग्लिबेनक्लामाइड उतरवतात. म्हणून नवरात्रात उपवास करणाऱ्या आजींना नेहमीची गोळी ‘चालू ठेवा’ म्हणून चालत नाही. उपवासाआधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे मोठ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, उलट्या, जोरजोराचा श्वास आणि ग्लुकोमीटरवर 180, असा रुग्ण ‘साखर बरी आहे’ म्हणून परत पाठवू नये.

साखर 70 च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला 15 ग्रॅम साखर देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे सगळ्यांना पाठ असते. पण आपल्याकडे व्होग्लिबोजची गोळी सर्रास दिली जाते. ती साध्या साखरेचे पचन मंदावते, म्हणून या रुग्णाला साखर किंवा पेढा देऊन वेळ घालवू नये. त्याला ग्लुकोजची पावडरच द्यावी आणि तिचा पुडा ट्रॉलीत कायम असावा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. डॉक्टरांना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावे लागते. 25 टक्क्यांच्या 100 मिली बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असते.

ग्लिबेनक्लामाइड घेणारा वृद्ध रुग्ण डेक्स्ट्रोजने उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला तासाभरात घरी सोडू नका. त्या गोळीचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो आणि साखर पुन्हा घसरते. त्याला दाखल करून घ्या आणि रात्रभर दर काही तासांनी साखर तपासत राहा.