पर्णमाशाचे पालन

दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यात, पाचोळ्याने भरलेल्या संथ प्रवाहांत राहणाऱ्या पर्णमाशाचे शास्त्रीय वर्णन योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञाने 1840 मध्ये केले. मोनोसिरस पॉलिअ‍ॅकँथस हे नाव मिळालेला हा चपटा, तपकिरी मासा सुमारे 8 ते 10 सेंटिमीटर लांब असतो आणि हनुवटीवरच्या देठासारख्या तंतूमुळे व डोके खाली करून तरंगण्याच्या सवयीमुळे तो गळलेल्या पानाहून वेगळा ओळखू येत नाही. लपणे हेच त्याचे संरक्षण आणि तेच शिकारीचे साधन असल्यामुळे, तो घरात पाळायचा तर त्याला पाहण्याच्या हौसेपेक्षा त्याच्या लपण्याची सोय आधी पाहावी लागते.

त्यासाठी मंद उजेड, तरंगत्या वनस्पती, बुडालेली लाकडे आणि पाणी फारसे न ढवळणारा स्पंज फिल्टर पुरतो. देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत सोडली, की त्यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य उतरून मृदू पाणी तपकिरी आणि किंचित आम्लधर्मी होते.

खाद्याचा प्रश्न अधिक अवघड असतो. पारदर्शक परांच्या सूक्ष्म हालचालींनी हा मासा भक्ष्याजवळ सरकतो, त्याचा जबडा नळीसारखा पुढे येतो आणि तोंडाची पोकळी एकाएकी रुंदावून आतला दाब घटल्याने पाण्यासह भक्ष्य आत ओढले जाते. मृत खाद्य तो सहसा स्वीकारत नसल्यामुळे, डासांच्या अळ्या खाण्यासाठी महाराष्ट्रात डबक्यांत सोडल्या जाणाऱ्या गप्पी माशांची पैदास दुसऱ्या टाकीत करणे श्रेयस्कर ठरते. विकतच्या गप्पींबरोबर रोग येऊ शकतात, तर खाद्य म्हणून दिलेल्या गोल्डफिशच्या शरीरातील थायमिनेज हे विकर ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते.

असा खादाड मासा पाण्यात भरपूर अमोनिया सोडतो. आम्लधर्मी पाण्यात त्याचा बहुतांश भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो, परंतु नळाचे क्षारधर्मी पाणी एकदम ओतल्यास त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया बनतो, म्हणून क्लोरीन काढलेले आणि टाकीतल्या पाण्याशी जुळणारे पाणी घालून टाकीतले पाणी थोडे थोडे व नियमितपणे बदलावे लागते. या नेमात खंड पडला नाही, तर मादी रुंद पानाच्या खालच्या बाजूस अंडी चिकटवते व नर त्यांची राखण करतो. पालन साधल्याचा याहून भरवशाचा पुरावा नाही.